उजव्या हाताने दिलेला चहा

जयप्रकाश दिवेकरला मोटारीने उडवलं, तेव्हा तो रस्त्यात आडवा पडल्या पडल्या त्या मोटारवाल्याचीच माफी मागत होता. हे मला त्यानेच सांगितलं, तेही अवघडून.

"अहो बाई, तो बिचारा इतका घाबरला होता! चालायलाही येईना त्याला. मग मीच म्हटलं, सॉरी, सॉरी, मला काही नाही झालं."

काही नाही झालं म्हणणाऱ्या या माणसाचा उजवा खांदा निखळला होता आणि हाताच्या नसा ताणल्या गेल्या होत्या. त्याच्या सायकलचं पुढचं चाक पाहून पोलिसांनीच म्हणे डोक्याला हात लावला.

हॉलंडमध्ये, हेगशेजारच्या रायस्वाइकमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो आणि त्याची बायको हिमानी दुसऱ्या मजल्यावर, मी माझ्या लेकीकडे, प्रांजलीकडे, चौथ्यावर. अडतीस वर्षं मी तोंडाला रंग लावला. दौऱ्याच्या बसमध्ये पोरीला मांडीवर झोपवून गावोगाव फिरले. आता ती पोरगी मला सांभाळते. इथे मला कुणी काकू म्हणतं, कुणी आजी. 'बाई' म्हणणारा हा एकटाच. नटीला बाई म्हणायची नाटकवाल्यांची जुनी रीत त्याला ठाऊक होती, कारण त्याचे वडील मिरजेला एका नाट्यगृहात दिवे सांभाळायचे. पहिल्याच भेटीत त्याने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "बाई, तुमच्यावर पिवळा स्पॉट माझ्या वडिलांनी टाकलाय." माझं तोंड पाहण्यासारखं झालं असेल.

पोटासाठी तो हेगच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायचा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी केली, पण घरीदारी कुणाची चूक काढलेली मी पाहिली नाही. मराठी मंडळाच्या नाटकात तो प्रॉम्प्टर. विंगेत स्टुलावर बसायचा, हातात संहिता आणि पेन्सिलीएवढी बॅटरी. प्रॉम्प्टर मी पुष्कळ पाहिले. काही असे, की त्यांचं वाक्य नटाच्या आधी तिसऱ्या रांगेला ऐकू जाई. जयप्रकाश वाक्य द्यायचाच नाही. एक शब्द द्यायचा, आणि तो फक्त ज्याला हवा त्यालाच ऐकू यायचा.

एकदा मी त्याला म्हटलं, "तू शब्द द्यायला फार वेळ लावतोस रे. माझा जीव जातो."

"बाई, माणूस गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नाही. आधी त्याच्या डोळ्यांकडे बघायचं. विचार करत असेल तर करू द्यायचा."

मी हसले होते. आमच्या धंद्यात रंगमंचावरची शांतता म्हणजे आग लागल्यासारखं. कुणीतरी काहीतरी बोलून ती विझवायची.

अपघातानंतर सहा महिने झाले तरी त्याला कॉम्प्युटरसमोर दोन तासांवर बसवेना. बोटं बधिर व्हायची. ऑफिसने काम अर्ध्यावर आणलं. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, टिलबर्गजवळच्या एका केंद्रात बारा आठवड्यांचा उपचार सुचवला. नसा फार दिवस तशाच राहिल्या तर मग सुधारत नाहीत, लवकर जा, असंही सांगितलं. त्याला मंजुरी मोटारवाल्याच्या इन्शुरन्स कंपनीने द्यायची होती. चूक कुणाची यावर वाद नव्हताच. इथे मोटारीने सायकलवाल्याला धडक दिली, की बहुतेक वेळा भरपाई मोटारवाल्यावरच येते. प्रश्न एवढाच होता, की लागलंय किती. कंपनीचा माणूस घरी येणार, विचारणार, बघणार, लिहून नेणार. मग ते कागद कंपनीचा डॉक्टर वाचणार.

जयप्रकाशच्या बाजूनेही एक बाई त्याची केस बघायच्या. नेमक्या त्या दिवशी त्या तापाने पडल्या. तारीख बदलू म्हणाल्या, तर हा म्हणतो, "नको, त्या माणसाने वेळ काढून ठेवला असेल." हिमानीची रजा संपलेली. मी म्हटलं, मी बसते सोबत.

"बसा की बाई. तुम्हाला काही बोलायला लागणार नाही."

आदल्या दिवशी मी त्याला सांगायला गेले, "उठताना जरा कण्हत जा. खांदा धर. इतका सरळ बसू नकोस, समोरच्याला कळायला नको का?"

तो हसला. "दुखतंय ते दुखतंयच. त्याला तालीम कशाला?"

आलेल्या माणसाचं नाव होफस्ट्रा. उंच, मऊ बोलणारा. दारातल्या चपला पाहून त्याने आपणहून बूट काढले. दोघं डचमध्ये बोलायला लागले, तेवढ्यात जयप्रकाश म्हणाला, "आमच्या बाईंना डच येत नाही, इंग्रजीत बोललं तर चालेल का?" माझा मान राखायला म्हणाला. तो मान त्याने राखला नसता तर बरं झालं असतं.

होफस्ट्राची एक सवय होती. प्रश्न विचारायचा आणि थांबायचा. पेन कागदावर टेकवून खिडकीबाहेर बघत बसायचा. सकाळी उठल्यावर काय करता? थांबला. शर्ट कसा घालता? थांबला. जयप्रकाशही विचार करून, तोलून उत्तर द्यायचा. दोघांचं छान चाललं होतं. माझ्या मात्र तळहातांना घाम फुटला होता.

मग त्याने विचारलं, "उजव्या हाताने साधारण किती वजन उचलता येतं?"

जयप्रकाश गप्प झाला. मी मनात आकडे मोजले. एक, दोन, तीन. चारला मी फुटले.

"काही नाही!" मी इंग्रजीत म्हणाले, आणि नाट्यगृह मोठं असल्यासारखं म्हणाले. "चमचासुद्धा उचलत नाही! मी भरवते त्याला. माझ्या या हातांनी!"

होफस्ट्राने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग लिहिलं. जयप्रकाशने माझ्याकडे पाहिलं ते, सहनटाने दोन पानं गाळून पुढचंच वाक्य म्हटल्यावर माणूस पाहतो तसं. शहात्तर वर्षांच्या बाईला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं? तो उठला. "चहा टाकतो," म्हणाला.

तेव्हा मी उठायला हवं होतं. चहा मी टाकायला हवा होता. पण मला प्रेक्षक मिळाला होता! मी त्या माणसाला जयप्रकाशचे हाल सांगत सुटले. डोळ्यांत पाणी आणलं. ते खरं पाणी होतं, आणि त्याचीच मला आता जास्त लाज वाटते.

जयप्रकाश आला. कपबशी डाव्या हातातून उजव्यात घेतली, हात लांब केला आणि होफस्ट्रापुढे धरली. पूर्ण लांब केला. ओठ पांढरे पडले होते, पण चेहऱ्यावर यजमानाचं हसू. होफस्ट्राने कप घेतला. त्या हाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कप खाली ठेवून एक ओळ लिहिली.

तो गेल्यावर जयप्रकाश जमिनीवर आडवा झाला. पंधरा मिनिटं त्याला बोलता येईना.

"अरे, डाव्या हाताने द्यायचा होतास!"

त्याने डोळे उघडले. "पाहुण्याला? डाव्या हाताने? काय बोलताय, बाई!"

तीन आठवड्यांनी पत्र आलं. घरी दिलेली माहिती आणि प्रत्यक्ष पाहिलेलं वागणं यांत मेळ नाही, सबब अधिक चौकशी होईल, टिलबर्गचा निर्णय तोवर स्थगित. पुढे कधीतरी अहवाल हाती आला, तेव्हा कळलं की सुपरमार्केटमधून पिशवी आणताना कंपनीने त्याचे फोटो काढले होते. पिशवी डाव्या हातात होती, ते फोटोत स्पष्ट दिसत होतं. मंडळाच्या गणेशोत्सवाची चित्रफीतही कुणीतरी शोधली होती. त्यात तो नेपथ्याचं दार एकट्याने ओढत होता. ती अपघाताच्या आदल्या वर्षीची निघाली. पण ते सिद्ध होईपर्यंत पत्रं गेली, पत्रं आली, आणि महिने गेले.

हिमानीने मला जिन्यात गाठलं.

"भरवता म्हणे तुम्ही याला? मला सांगायचं ना, मीही आले असते पंगतीला."

"हिमानी, अगं मी त्याच्या भल्यासाठी..."

"भलं झालं, काकू. तीन अंक झाले. आता पडदा टाका."

वरून जयप्रकाशचा आवाज आला, "अगं, त्यांनी माझ्यासाठीच केलं."

"म्हणूनच तर!" ती म्हणाली आणि गेली.

तिचं बरोबर होतं. माझ्या एका खोट्याने त्याचं सगळं खरं नासवलं होतं. तो खोटं बोलतोय अशी शंका त्याच्यावर, ज्याने मोटारवाल्याला घाबरलेला पाहून स्वतःचं दुखणं लपवलं! मी लिफ्टने जाणं सोडलं. लिफ्टचं दार दुसऱ्यावर उघडलं आणि तो समोर आला तर? या गुडघ्यांनी चार मजले चढत होते. प्रांजलीने विचारलं तर व्यायाम म्हणून सांगितलं. म्हणजे आणखी एक खोटं.

तो मला पत्रपेटीपाशी भेटला. "बाई, जिना कशाला चढता? तुम्ही पडलात तर तो होफस्ट्रा म्हणेल, हे सगळं घरच पडायला टपलंय."

तो हसला. मला हसू आलं नाही. त्या दिवशी मी त्याच्या केसवाल्या बाईंना फोन करून सांगितलं, मी जे बोलले ते मला मागे घ्यायचंय.

या खेपेला कंपनीकडून मेव्राउ फिसर आल्या. इथे बाईमाणसाला मेव्राउ म्हणतात. जाडा चष्मा, पुढ्यात छापील प्रश्न. हिमानी रजा काढून घरी थांबली होती. केसवाल्या बाई होत्या. जयप्रकाश सोफ्याच्या कोपऱ्यात. मेव्राउ फिसरनी मला बोलायला सांगितलं.

मी सुती साडी नेसून गेले होते. मनाशी ठरवलं होतं, की साधं बोलायचं. पण मी सुरुवात केली आणि माझ्याच कानांना कळलं, आवाज चढतोय, हात उठतोय, "मी एक अपराधी म्हातारी..." असलं काहीतरी निघालं. मेव्राउ फिसरनी पेन खाली ठेवलं. मी थांबले. मग पुढचं काही येईना. आयुष्यात पहिल्यांदा मी खरोखर अडकले. काय केलं ते ठाऊक होतं, पण ते साधं कसं म्हणायचं, तेच सापडेना. हिमानी खिडकीकडे तोंड करून उभी.

सोफ्याच्या कोपऱ्यातून, मला एकटीलाच ऐकू येईल एवढाच शब्द आला.

"चमचा."

"चमच्याचं मी खोटं सांगितलं," मी म्हणाले. "मी त्याला कधीच भरवलेलं नाही. तो डाव्या हाताने जेवायला शिकलाय."

"मग चहा उजव्या हाताने का दिला?"

मी सांगितलं. आमच्याकडे पाहुण्याला डाव्या हाताने काही देत नाहीत. जेवणं निभावून नेता येतं, देणं नाही. तो गेल्यावर हा जमिनीवर पडून होता, तेही सांगितलं. त्यांनी सगळं लिहिलं. मग चष्म्यावरून पाहत विचारलं, "पण तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"तो गप्प होता म्हणून."

"ते तर विचार करत असतील."

"हो," मी म्हणाले.

याहून दुसरं मला सांगता येईना, आणि याहून लाजिरवाणं मी काही सांगितलेलं नाही.

मग त्यांनी जयप्रकाशला तोच जुना प्रश्न विचारला. उजव्या हाताने किती उचलता येतं? तो गप्प झाला. मी दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसले आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो फ्रिजचं दार आठवत होता. स्पष्ट दिसत होतं.

"फ्रिजमधून एक लिटर दुधाचा डबा काढता येतो," शेवटी तो म्हणाला. "दोन लिटरचा नाही. एक काढला तर अर्धा तास करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर राहतं."

एवढंच उत्तर होतं. मी चारला फुटले नसते, तर सहाला आलं असतं.

दोन्ही बाजूंना मान्य अशा एका डॉक्टरने त्याला तपासलं. इजा खरी, तक्रार खरी, असं लिहिलं. टिलबर्ग मंजूर झालं, पाच महिने उशिरा. बारा आठवडे तो ट्रेनने जाऊन येऊन करत होता. खांदा आता पुष्कळ बरा आहे. ती दोन बोटं मात्र तशीच राहिली. लवकर गेला असता तर सुधारली असती का, असं मी त्याला तिथल्या डॉक्टरांना विचारायला लावलं. सांगता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. हिमानी माझ्याशी बोलते, पण माझ्या डोळ्यांकडे न बघता.

परवा मी दुसऱ्या मजल्यावर गेले होते. मंडळाचं नवं नाटक बसतंय, त्याची संहिता द्यायला. जयप्रकाशने चहा केला आणि कप माझ्यापुढे धरला. डाव्या हाताने. मी कपाकडे बघत राहिले.

"घ्या बाई," तो म्हणाला. "तुम्ही आता पाहुण्या नाही."

मी दोन्ही हातांनी कप घेतला. मला काहीतरी म्हणायचं होतं, ओठांपर्यंत आलं होतं, पण बोलवेना. तो समोर बसला. त्याने माझ्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि शब्द दिला नाही.