भिंतीवरची परात

परातवाले काका एकतीस वर्षं एका हॉटेलच्या मागच्या अंगणात कोळशाच्या धुरावर मांस शिजवत होते. निखारे दोन बाजूंना, मधोमध पाणी घातलेली परात आणि वर जाळीवर मांस. चरबी परातीत गळायची, निखाऱ्यांवर नाही; म्हणून भडका उडत नसे की धूर कडवट होत नसे. मालकाला हे सांगून सांगून काकांचं तोंड दुखलं. तो नुसती मान डोलवायचा.

काकांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी मालकाने सत्कार ठेवला. "काका म्हणजे आमच्या घरचेच," असं लांबलचक भाषण ठोकून त्याने पडदा सरकवला. भिंतीवर काकांची परात टांगलेली, घासूनपुसून लखलखीत. टाळ्या पडल्या. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मागच्या अंगणातून येणाऱ्या धुराने. परात इथे भिंतीवर, म्हणजे तिकडे चरबी थेट निखाऱ्यांवर पडत होती.

पहिली ताटली मानाने काकांपुढेच आली. मांस काळंठिक्कर, चवीला कडूजहर.

"कसं झालंय, काका?" मालकाने विचारलं.

काकांनी घास कसाबसा गिळला. "अगदी तुमच्या भाषणासारखं."

मालकाने खूश होऊन मान डोलवली.