चपलांची रांग

हैबतराव धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि ती पीडा आमच्या मागे लागली. रोह्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात मी ड्रेसिंगच्या खोलीत नर्स होते. कंपनीत ते सेफ्टीचे सुपरवायझर. "माझ्या शिफ्टमध्ये कुणाचं बोट गेलं नाय, ना हाताचं ना पायाचं," हे ते नमस्काराच्याही आधी सांगायचे.

त्यांच्या बायकोला, मालूताईंना, साखरेचा आजार. पायाच्या करंगळीला जखम, म्हणून दर आठवड्याला ड्रेसिंग. बायको आत, हैबतराव बाहेर बाकावर. रिकामा माणूस, त्यातून सुपरवायझर, गप्प बसेल कसा? उपाशीपोटी तपासणीचं रक्त द्यायला आलेली माणसं डॉक्टरांच्या रांगेत तिष्ठतात हे त्यांनी हेरलं, आमच्या डॉक्टर आमनांचं डोकं खाल्लं आणि रक्ताची खिडकी आधी उघडायला लावली. खरं सांगते, भोवळ येऊन पडणारे कमी झाले. मग तर त्यांना शिंगंच फुटली.

आमच्याकडे रांगेत माणसं उभी राहत नाहीत, चपला राहतात. एसटीतून उतरायचं, दारात चपला लावायच्या आणि खुशाल चहाला जायचं. हैबतरावांना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी अंगणात पिवळे चौकोनच रंगवले. चौकोनातली चप्पल हलली की नंबर गेला. पहिल्या चौकोनात अर्थातच मालूताईंच्या चपला.

जखम मात्र भरेना. पट्टी दर वेळी मळलेली. "अशीच राहिली तर बोट काढावं लागेल," डॉक्टर आमना म्हणाल्या. झालं, हैबतरावांचा पारा चढला. गोळ्या भिकार, माझी पट्टी ढिली! हातातली कात्री त्यांच्या मिशीला लावावी असं मला फार वाटलं.

"कंपनीत माल खराब निघाला की काय करायचात?" मी विचारलं.

"मालाबरोबर चालायचो. गेटपासून गोदामापर्यंत. मार कुठं बसतो ते दिसतं."

"मग चाला की बायकोबरोबर!"

मी आपली त्यांना कटवायला बोलले. ते खरंच चालले. एप्रिलचं ऊन चांगलं तापलं होतं. नियम म्हणजे नियम, म्हणून बायकोच्या शेजारच्या चौकोनात स्वतःच्या चपला लावून ते तिच्याबरोबर टपरीकडे निघाले. डांबरावर पाय पडताच सुपरवायझरसाहेब अशा उड्या मारू लागले की टपरीवरची माणसं खिदळली. मीही खिडकीतून पोटभर हसले. मालूताई मात्र सावकाश चालत होत्या.

"तुला चटका नाय बसत गो?"

"कसला चटका?"

माझं हसू तिथंच थांबलं. साखरेनं त्यांचे तळवे केव्हाच बधिर केले होते. हैबतराव तसेच अनवाणी मागे पळाले, पहिल्या चौकोनातल्या चपला उचलल्या आणि भर रस्त्यात खाली बसून बायकोच्या पायात घातल्या.

पुढच्या आठवड्यापासून चौकोनांत पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या उभ्या राहिल्या, चपला पायांत गेल्या. मालूताईंचा पाय वाचला. करंगळी नाही वाचली.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा आले, तेव्हा बाकावर एक नवा पेशंट होता. सवयीनं हैबतरावांनी सुरुवात केली, "माझ्या शिफ्टमध्ये कुणाचं बोट..."

मालूताईंनी पट्टी बांधलेला पाय पुढे पसरला.

"कंपनीतल्या शिफ्टमध्ये म्हणा," त्या म्हणाल्या.