पळसाच्या पानावरचा भात

पळसाच्या पत्रावळीवर गरम भात पडला, की त्याचा वास मला माझ्या लग्नाच्या मांडवात नेतो. इंग्रजांचा काळ होता तो. लग्न लागलं आणि पंगतीत पत्रावळी मांडलेल्या बघून माझे सासरे रुसून बसले. म्हणाले, "पितळी ताटं मांडा, नाहीतर नवरी इथंच ठेवून जातो."

माझी आई भाताची टोपली घेऊन पुढे आली. "पानं आम्ही बायांनीच टाचली, इवाईबुवा. भात थंडा होऊन राहिला. ज्याले भूक हाय, त्यानं बसावं."

अन् ती वाढतच गेली. वऱ्हाडी एकेक करून बसले. शेवटी सासरेही बसले.

सासरे मला खरंच ठेवून गेले असते तर, म्हणून मी मात्र आईवर चिडले होते. आता कळतं, ती वाकली असती तर मी सासरी जन्मभर वाकले असते. सासऱ्यांनी पुन्हा भात मागितला, तेव्हाच ती माझ्याकडं बघून हसली.