त्रिवेणीला विचारा, जेवायचं कुठं

परभणीकडच्या पालमच्या शिवरुद्रआप्पांची धाकटी मुलगी त्रिवेणी लग्न होऊन बँकॉकला गेली, तेव्हा तिच्या आईला, नागुबाईंना, त्या गावाचं नाव नीट घेता येत नव्हतं. कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, "लय लांब हाय. इमानानं जावं लागतंय." जावई शंभुराज तिथल्या टायरच्या कारखान्यात हिशेब बघायचा.

पहिले काही महिने त्रिवेणीनं बाहेरचा घास खाल्ला नाही. घर लिंगायत वाण्याचं, अंड्याला कधी हात लावलेला नाही. आणि तिकडं साध्या पालेभाजीतही मासळीचं पाणी घालतात. माहेरहून नेलेली कारळाची चटणी संपली, तशी ती नुसत्या दही-भातावर आली. शंभुराज सकाळी जायचा तो संध्याकाळी उगवायचा. दिवसभर बोलायला कुणी नाही.

एके दुपारी गल्लीच्या टोकाला तिला एक लहानसं खाणावळवजा दुकान दिसलं. दारावर पिवळी पाटी, तिच्यावर लाल अक्षरं. इंग्रजी आकड्यात सतरा लिहिल्यासारखी दिसणारी. मालकीणबाईचं नाव नोई. त्रिवेणीनं बोटांनी पोहणारा मासा करून दाखवला आणि नको अशी मान हलवली. नोईनं हसून पाटीकडं बोट केलं आणि तिनंही तशीच मान हलवली. त्या पाटीचा अर्थ 'इथं मांस-मासळी नाही', हे त्रिवेणीला असं कळलं. तिथं उभं राहूनच ती त्यांची भाषा शिकली, आधी भाज्यांची नावं, मग इतर.

पुढं दोन-तीन वर्षांनी पालमहून फोन आला. खत-बियाणाच्या कंपन्या चांगली विक्री करणाऱ्या दुकानदारांना सहलीला नेतात, तशी एक सहल बँकॉकला निघाली होती.

"तात्याराव बोलायलोय, कृषी केंद्रवाला. आप्पाकडून नंबर घेतला. आमी पुढच्या हप्त्यात यायलोय. बाकी समदं कंपनी बघती, पण तिथं खायचं कुठं ते तू सांग."

त्रिवेणीनं सांगितलं. पिवळी पाटी कशी ओळखायची, कुठल्या भाजीला नको म्हणायचं, गुजराती थाळी कुठं मिळते, रस्त्यावरचा चिकट भात आणि आंबा बिनधास्त खा म्हणून. तात्यारावांनी परत गेल्यावर तिचं नाव सगळीकडं केलं. मग गंगाखेडहून, वालूरहून, सेलूहून फोन यायला लागले. पेडगावच्या मुंजाजीनं सांगितलं, "आपण समदं खातो ताई, पण घरी कळायला नको." त्याला तिनं नदीकाठच्या मासळीवाल्याचा पत्ता दिला आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

शंभुराज एकदा वैतागून म्हणाला, "रोज काय ही फोनाफोनी?" पण तिला त्या फोनांचा कंटाळा आला नाही. माहेरी ती शेंडेफळ. भाजी कुठली करायची हेही तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. आता बाजारात वजन असलेली माणसं तिला विचारून जेवत होती.

नंतरच्या एका सहलीला तात्यारावांनी बायकोला, कुसुमबाईंना, आणलं. तिसऱ्या दिवशी तात्यारावांचाच फोन आला. "हिनं घरच्या दशम्या खाल्ल्या आन् आता काहीच खाईना. तुझ्या त्या पाटीबिटीवर हिचा इस्वास न्हाई."

त्रिवेणी हॉटेलवर गेली आणि कुसुमबाईंना हाताला धरून नोईच्या दुकानात घेऊन आली. नोईनं ताट पुढं ठेवलं. त्यात तळलेला एक तुकडा होता, हुबेहूब माशाच्या आकाराचा, वर खवल्यांसारख्या रेघा.

कुसुमबाई ताडकन उठल्या. "त्रिवेणे, तू मला बाटवायलीस का?"

"काकू, ते सोयाबीन हाय."

"सोयाबीनला शेपूट असती का?"

त्रिवेणीनं नोईला काय झालं ते सांगितलं. नोईनं कुसुमबाईंना आत, चुलीपाशी नेलं. तिथं पातेल्यात सोयाबीन भिजत घातलेलं होतं. कुसुमबाईंनी चार दाणे हातात घेतले, चोळून बघितले.

"आमच्या रानात हेच हाय की गं," त्या म्हणाल्या. "इतकी वरसं पेरायलो, काढायलो, मोंढ्यात नेऊन इकायलो. खाऊन कधी बघितलं न्हाई."

त्या बाहेर आल्या. आधी शेपटीचा भाग मोडून बाजूला ठेवला आणि मग जेवल्या. दुसऱ्या दिवशी सहलीतल्या आणखी चार बायकांना त्या स्वतः घेऊन आल्या.

त्या दिवाळीत त्रिवेणी पालमला आली. कुसुमबाई भेटायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "चल, स्टँडाजवळच्या हॉटेलात चिरमुऱ्याची सुशीला लय चांगली मिळती म्हणत्यात. तुला चव ठाऊक आसंल."

त्रिवेणीला ठाऊक नव्हती. लहानपणी ती त्या हॉटेलावरून रोज शाळेत जायची, फोडणीचा वास घ्यायची, पण आत पाय ठेवलेला नव्हता. पालमच्या हॉटेलात बायका बसत नसत. परगावच्या आल्याच तर पडद्यामागं.

"मलाबी ठाऊक न्हाई काकू," ती म्हणाली.

"मंग दोघीबी बघू."

त्या गेल्या. मालकानं पडद्याकडं हात केला. कुसुमबाई म्हणाल्या, "तिथं गरम होतंय," आणि पंख्याखालच्या बाकड्यावर बसल्या. फोडणीचे चिरमुरे, वर शेंगदाण्याचा कूट, सोबत तळलेली मिरची. बाजूच्या बाकड्यावरचे दोघं-तिघं जरा बघत राहिले आणि मग आपल्या बसच्या गडबडीला लागले.

बातमी त्यांच्या आधी आप्पांच्या दुकानात पोचली. संध्याकाळी आप्पा जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "घरात सुशीला होत न्हाई का, हॉटेलात बसायला?"

त्रिवेणी उत्तर देणार, तेवढ्यात भाकरी थापता थापता नागुबाई बोलल्या. "होती. मीच करते. पर मलाबी वाटतंय, एखाद्या बारी कुणी करून माझ्याम्होरं ठेवावी."

आप्पांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला. लग्नाला चाळीसेक वर्षं झाली होती आणि ही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा ऐकली होती. जेवण उरकून ते दुकान बंद करायला गेले.

बाजारच्या दिवशी त्यांनी स्वतःच दुपारी दुकान मुलाच्या हवाली केलं आणि नागुबाईंना म्हणाले, "चल मंग." त्रिवेणीही निघाली. हॉटेलपर्यंत आप्पा सोबत आले, पण आत बसले नाहीत. लोकांसमोर बायकोबरोबर खाणं त्यांना जमण्यातलं नव्हतं. मालकाला एवढंच म्हणाले, "हिला काय पाहिजे ते दे," आणि बाहेरच्या बाकावर चहा घेत बसले.

नागुबाईंनी सुशीला मागवली, ती खाऊन झाल्यावर भजे मागवले. सावकाश खाल्लं. त्रिवेणीनं विचारलं, "माय, कशी झाली?"

"मीठ जरा जास्त हाय," त्या म्हणाल्या आणि आणखी एक प्लेट सांगितली.