ज्यूद्वेषाचा परिसंवाद आणि आमचा माईक

सन दोन हजार चोवीस, डिसेंबरचा दुसरा आठवडा. थंडी कडक होती. कारखान्यांचा हंगाम भरात होता आणि श्रीगोंद्याच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. त्या आठवड्यात तालुक्यातल्या एका कॉलेजात परिसंवाद झाला. कॉलेजचं नाव सांगणार नाही. माईक माझा होता.

मी सातवी शिकलेला. पण पन्नास वर्षं साऊंड सिस्टीम लावतो. भाषणं मी प्रोफेसरांपेक्षा जास्त ऐकली आहेत. बोलणारा बोलून घरी जातो, किस्सा मात्र माझ्या वायरींबरोबर माझ्याच पेटीत येतो. कितीही नीट गुंडाळा, पुढच्या वेळी पेटी उघडली की गुंता वाढलेलाच!

विषय होता, आजच्या जगातला ज्यूंचा द्वेष आणि पब्लिक डिप्लोमसी. इतिहासाच्या कांबळे मॅडमनी तो ठरवला होता. सगळे म्हणाले, "मॅडम, हा विषय आपल्याकडं कशाला?" मी म्हणालो, "घ्या. माईक मी लावतो."

कारण होतं. मला वायरमनचं काम दानियल मिस्त्रींनी शिकवलं. ते कोकणातले ज्यू, बेने इस्रायल. मराठी आपल्यासारखंच. मी सोळा वर्षांचा असताना एका बागायतदाराच्या बंगल्यात फिटिंगला गेलो. मालक म्हणाला, "मिस्त्री, तुमी आत या. ह्ये पोरगं भाईरच ऱ्हाऊ द्या." आम्ही बौद्ध, हे त्याला माहीत होतं. मिस्त्रींनी पक्कड पिशवीत टाकली. "तो बाहेर, तर लाईट पण बाहेर." दोघंही आत गेलो.

पुढं एकदा हॉटेलात एकजण मिस्त्रींच्या तोंडावर त्यांच्या धर्माबद्दल घाण बोलला. मिस्त्रींनी मान खाली घातली. मी चहा पीत राहिलो. मिस्त्री आता नाहीत. ते देणं माझ्याकडं राहिलं. कुठं फेडायचं ते समजत नव्हतं. म्हणून या परिसंवादाला मी नुसता माईक लावायला गेलो नव्हतो.

*

तारीख पहिल्यांदा शनिवारची काढली होती. मॅडमनी प्रमुख पाहुण्यांना फोन लावला. पाहुणे म्हणजे एलियासकाका, रायगडकडचे रिटायर पोस्टमास्तर. ते म्हणाले, "शनिवार आमचा विश्रांतीचा. मी त्या दिवशी गाडीत बसत नाही, माईक धरत नाही."

प्राचार्यांना पटेना. "शनिवारसारखा चांगला दिवस न्हाई! आपल्या जिल्ह्यात शिंगणापूरला लोकं शनिवारचीच रांग लावत्यात."

काकांनी फोनवर समजावलं, "आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे."

हेडक्लार्क भोस हे ऐकत होते. ते म्हणाले, "अवघड हाय! आपल्याकडं शनिवारी तेल वाहायचं, त्यांच्याकडं शनिवारी तेल बंद. तारीख जुळायची कशी?"

जुळली. रविवार धरला.

*

फ्लेक्सचा मजकूर भोसांनी फोनवर सांगितला. आमच्याकडं फ्लेक्सवाल्याला वाढदिवस आणि निवड एवढंच करायची सवय. त्यानं तसंच केलं.

गेटवर फ्लेक्स चढला. वर 'समकालीन ज्यूद्वेष', हत्तीएवढ्या अक्षरांत. त्याखाली 'या विषयावर परिसंवाद', मुंगीएवढं. मग लाल रंगात, 'हार्दिक शुभेच्छा!' आणि शुभेच्छुक म्हणून प्राचार्यांसकट अकरा जण हात जोडून हसतायत!

मॅडम धावत आल्या. "सर, आधी तो उतरवा!"

प्राचार्यांनी वर पाहिलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. "का हो? फोटो तर चांगला आलाय."

शेवटी शिडी मी लावली.

*

पाहुण्यांना आणायला भोस एसटी स्टँडवर गेले. हातात इंग्रजी पाटी. फोनवर कोकण, घाणा सगळं ऐकूनही ते गोरा माणूस शोधत होते.

बसमधून एक म्हातारा उतरला. पायजमा, स्वेटर, खांद्याला शबनम. पाटीजवळ येऊन म्हणाला, "कॉलेजातून आलात का? मलाही तिकडंच जायचंय."

भोस म्हणाले, "आजोबा, बाजूला सरा बरं. पाहुणे दिसंनात."

"कोण पाहुणे?"

"ज्यू हायेत एक. मोठं माणूस."

"बरं," म्हणाले काका, आणि सरकले. रस्ता विचारत चालत कॉलेजात आले. मी त्यांना चहा दिला. अर्ध्या तासानं भोसांचा फोन आला, "मॅडम, पाहुणे आलेच न्हाईत! एक म्हातारं तेवढं डोकं खात हुतं."

काका म्हणाले, "त्यांना सांगा, म्हातारं पोचलं."

*

सकाळी दिल्लीच्या एका प्रोफेसरांनी पब्लिक डिप्लोमसीवर इंग्रजीत भाषण सुरू केलं. पाऊण तास झाला तरी चालूच. मुलं झोपली. प्राचार्य डोळे उघडे ठेवून झोपले, त्यांना सवय आहे.

कँटीनच्या शांताबाई स्टेजवर चहा घेऊन आल्या. त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "ह्ये काय सांगत्यात?"

मॅडम म्हणाल्या, "एका देशाच्या सरकारनं दुसऱ्या देशाच्या साध्या माणसांची मनं कशी जिंकायची, ते."

"म्हंजी शेजारणीची वाटी मोकळी परत करायची न्हाई, त्येच ना?"

मॅडमपुढचा माईक चालू होता. सगळा हॉल जागा झाला. टाळ्या पडल्या. प्रोफेसरांनी अर्थ विचारून घेतला, वहीत लिहिला, आणि राहिलेली चार पानं न वाचता खाली बसले. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यात चांगलं काम ते!

*

दुपारी एलियासकाका बोलले. आवाज बारीक, पण स्वच्छ. मी फक्त एक खुंटी फिरवली.

"या मातीत आम्हाला कुणी त्रास दिला नाही," ते म्हणाले. मला हॉटेलातला तो चहा आठवला. "पण आता नातू मोबाईल दाखवतो. ज्यांनी जन्मात ज्यू पाहिला नाही, ते लिहितात की ज्यू सगळं जग चालवतात. अहो, मी एक पोस्ट ऑफिस चालवलं. तेसुद्धा शिक्का सापडेना म्हणून दोनदा बंद ठेवावं लागलं!"

हॉल हसला. मग ते म्हणाले, "तुम्ही हसलात, बरं वाटलं. नातू हसत नाही. तो शाळेत आडनाव सांगायला कचरतो."



प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिला प्रश्न पारनेरकडून आलेल्या एका शेतकऱ्याचा. "काका, डाळिंबाला ठिबक किती तास सोडावं?" दुसरा प्रश्न, ठिबकची नळी उंदरं कुरतडतात त्याला काय उपाय. तिसराही ठिबकचाच! आमच्याकडं इस्रायल म्हटलं की लोकांना दुसरं काही सुचत नाही.

काका हात जोडून म्हणाले, "बाबांनो, माझ्या घरचा नळच ठिबकतो. तो प्लंबर बंद करून देईना!"

*

समारोपाला एक पुढारी आले. उशिरा आले, हार घेतला, विषय कोणता ते कागदावर पाहिलं आणि माईक धरला.

"ज्यूंवर अन्याय झाला, मान्य. पर जर्मनीचा तो हुकूमशहा शिस्तीचा हुता! आपल्या देशाला तसाच मानूस पायजे!"

मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. टाळ्या पडल्या.

एलियासकाकांनी मान खाली घातली. मॅडमनी प्राचार्यांकडं पाहिलं. प्राचार्यांनी पंख्याकडं पाहिलं. पंखा बंद होता.

माझ्या टेबलावर टेस्टिंगचा एक माईक असतो. त्यावर मी 'हॅलो, चेक' सोडून कधी काही बोललो नव्हतो. मी बटण सरकवलं आणि उभा राहिलो.

"साहेब, जरा थांबा."

पुढारी थांबले. मागं बघायला लागले, आवाज कुठून आला ते.

"मला काम शिकवणारा मिस्त्री ज्यू होता. त्या शिस्तीत त्याचा नंबर पहिला लागला असता. रंगावरून माझा दुसरा. मागं शिट्ट्या वाजवणाऱ्या पोरांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघावं, त्यांचाही लागतो. तुमचा कितवा, ते मोजा आणि मग पुढं बोला. माईक चालू आहे, मी बंद करणार नाही."



पुढाऱ्यांनी माईककडं पाहिलं. स्वतःच्या सावळ्या हाताकडं पाहिलं. मग एलियासकाकांकडं वळले आणि म्हणाले, "काका, चुकलं."

काकांनी मान वर केली.

माझं देणं फिटलं.