गेटवे कोणी बनवला

अंधेरीच्या ऑफिसात तो गेटवे मी एकटीने उभा केला. दुसऱ्या कंपनीच्या सिस्टीमने लांबून हाक मारायची, आमच्या पायथनच्या वेब ॲपमधलं हवं ते फंक्शन चालवायचं आणि उत्तर घेऊन जायचं, एवढंच त्याचं काम. पण ज्या फंक्शनच्या डोक्यावर परवानगीची एक ओळ असेल, तेच बाहेरून सापडायचं. ही सोय माझीच.

आमच्या टीम लीडने क्लायंटला बेधडक मेल केला, “गेटवे मी बनवलाय.” मला म्हणाला, “अगं, टीमचंच काम आहे ना?” मी मनात म्हटलं, थांब लेका.

डेमोला क्लायंटच्या बाई खूश झाल्या. म्हणाल्या, “आत्ताच एक नवीन फंक्शन जोडून दाखवा ना.” त्याने लिहिलं, बरोबर लिहिलं. पण बाहेरून हाक मारली तर पडद्यावर उत्तर आलं, असं फंक्शनच नाही. त्याने सर्व्हर बंद करून चालू केला. पुन्हा तेच. एसीत त्याला घाम फुटला.

“जरा बघ ना गं, काय राहिलंय?”

परवानगीची ती एक ओळ राहिली होती. मला बसल्या जागेवरून दिसत होतं. एरवी मी त्याला अरेतुरे करते. त्या दिवशी चहाचा घोट घेऊन म्हटलं, “मला कसं कळणार, सर? बनवलाय तुम्ही.”

बाईंनी आम्हा दोघांकडे पाहिलं आणि लॅपटॉप त्याच्यासमोरून उचलून माझ्यापुढे ठेवला. ती ओळ मी अगदी सावकाश लिहिली, त्याला नीट बघता यावी म्हणून.