अण्णांचा आत जायचा शॉट

अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरला आमच्याकडे राहायला येऊन अकरा वर्षं झाली होती, पण ते घरात एकदाही आले नव्हते. भूकंपात गावाकडचं दगडमातीचं घर पडलं, त्यात आई गेली. भावाला नव्या वसाहतीत सरकारी घर मिळालं, त्याला स्लॅब होता. अण्णा म्हणाले, डोक्यावर जड काही नको, आणि माझ्याकडे आले. माझ्या घरालाही स्लॅब, वर आणखी एक मजला. त्यांनी अंगणात लिंबाशेजारी पत्र्याची खोली ठोकून घेतली. गावचं कुणी भेटायला आलं आणि लेकीच्या घरी राहता का म्हणालं, की ते म्हणायचे, "लेकीच्या घरात कुठं? अंगणात हाय मी."

दोन वेळचं ताट मी बाहेर नेऊन द्यायची. भाऊ सांगून थकला, आमचे हे सांगून थकले, डॉक्टरांनीही उन्हाळ्यात पत्र्याखाली राहू नका म्हणून सांगितलं. अण्णा सगळ्यांना हाव, हाव म्हणून मान डोलवायचे आणि खोलीत जाऊन पडायचे. मी काही सांगितलं नाही. मला सांगायची सवय नाही. पण अण्णांनी एकदा तरी माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवावं, एवढं मनात होतं.

वरच्या मजल्यावर क्लासला आलेली मुलं राहायची. त्या वर्षांत आमच्या गल्लीत ज्यानं त्यानं मजला चढवला होता, मुलं कुठूनही यायची, बिलोलीहून, भोकरहून. वरच्या शेवटच्या खोलीत केमिस्ट्री शिकवणारे सर होते. त्यांचे तीन मित्र दर रविवारी यायचे. एकाकडे लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा होता, एकाचं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि तिसऱ्यानं नांदेडला कॉलेजात नाटकं केली होती. एका रविवारी त्यांनी सिनेमा काढायचं ठरवलं. नांदेडचा दिग्दर्शक झाला, कारण बाकीच्यांना दुसरं काही ना काही येत होतं.

गोष्ट अशी होती. भूकंपातून वाचलेला एक म्हातारा अंगणात पत्र्याच्या खोलीत राहतो, घरात पाऊल टाकत नाही. शेवटी घरात येतो आणि लेकीच्या हातचं जेवतो. सर म्हणाले, गोष्ट सहज सुचली. त्यांच्या खिडकीतून आमचं अंगण दिसतं.

खर्चायला कुणाकडे काही नव्हतं. उजेड परतवायला कुणाच्या तरी लग्नातला उरलेला थर्माकोल आणला, त्याच्यावर वधूचं अर्धं नाव होतं. चहा माझा. लेकीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा माझा नुसता हात आणि पदर घ्यायचं ठरलं. ह्यांनी तोंड दिसणार नाही ना, हे दोनदा विचारून घेतलं. मीही तेच विचारणार होते.

म्हाताऱ्याच्या कामासाठी नांदेडहून एक नट आणला. तो मिशा रंगवून आला. भर दुपारी त्याला पत्र्याच्या खोलीत बसवलं. तासाभरानं तो म्हणाला, उसाचा रस पिऊन येतो. संध्याकाळी नांदेडहून त्याचा फोन आला की तब्येत बरी नाही.

मग सगळ्यांनी लिंबाखाली बसलेल्या अण्णांकडे बघितलं.

"मला काय करायचं?" अण्णा म्हणाले.

"काही नाही आजोबा, बसायचं, उठायचं, पाणी प्यायचं."

"ते तर मी करतोच की."

दोन दिवस त्यांनी ते केलं. दिग्दर्शक सरांना म्हणाला, "काय नॅचरल करून राहिले हो." अण्णा मागून म्हणाले, "खोली माझीच हाय."

तिसऱ्या दिवशी शेवटचा शॉट होता. दिग्दर्शकानं समजावलं, उठायचं, तीन पायऱ्या चढायच्या, आत पाटावर बसून जेवायचं.

"न्हाई," अण्णा म्हणाले.

"आजोबा, हे खोटं खोटं आहे."

"स्लॅब खराच हाय की."

"तुम्ही म्हणजे तुम्ही नाही. दुसरे म्हातारे आहात."

"त्या म्हाताऱ्याचं घर पडलंय का?"

"पडलंय."

"मग तो कशाला जाईल आत?"

दिग्दर्शकानं सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "लेकीसाठी जातो. लेक जेवायला वाढते ना."

"लेक तर बाहेर आणून देती."

शूटिंग थांबलं. झेरॉक्सवाला म्हणाला, मी धोतर नेसतो आणि पाठमोरा आत जातो. अण्णा म्हणाले, "तुझं पोट पाठीमागूनबी दिसतं."

चौघे पायऱ्यांवर येऊन बसले. मी दाराआड होते. दिग्दर्शक म्हणाला, "काकू, तुम्हीच सांगा, आजोबा कशानं आत येतील?"

चार पुरुष माझ्याकडे बघत होते. मी फरशीकडे बघितलं. म्हटलं, "माझे गुडघे दुखतात."

त्यांना वाटलं, मला प्रश्न नीट कळला नाही.

"ताट घेऊन पायऱ्या उतरताना. रोज दुखतात."

दिग्दर्शकानं लगेच झेरॉक्सच्या कागदामागे संवाद लिहून माझ्या हातात दिलं. त्यात काळाच्या पायऱ्या होत्या, आणि आणखी काय काय. चौथीपर्यंतची शाळा असली तरी मला वाचता येतं. मी वाचून परत दिलं. असं मी म्हणणार नाही, असं सरांना हळूच सांगितलं. दिग्दर्शक म्हणाला, मग तुमचं तुम्ही म्हणा.

पंखा बंद केला. वरच्या मुलांना मनातल्या मनात पाठ करायला सांगितलं. मी ताट घेऊन वरच्या पायरीवर उभी राहिले, कॅमेऱ्याकडे पाठ करून. कॅमेरा माझ्या खांद्यामागून अण्णांवर होता.

"अण्णा, माझे गुडघे दुखतात. जेवायला आत या."

इथं त्यांनी उठायचं होतं. ते बसूनच राहिले.

"कवापासनं?"

हे कागदावर नव्हतं. मी म्हटलं, "दोन वर्षं झाली."

"दोन वर्षं. आन् गप ऱ्हायलीस."

"सांगायचं राहिलं."

"सगळी बोलून गेली, माय. तू कवा बोललीच न्हाईस. मला वाटलं, तुला चालतंय."

कुणी कट म्हटलं नाही. अण्णा उठले. धोतर झटकलं, चप्पल घातली, पायऱ्यांपाशी येऊन काढली. मी ताट घेऊन दारातून आत सरकले, ते एकेक पायरी चढून दारापर्यंत आले. चौकटीवर बोटांनी टकटक केलं आणि मान वर करून स्लॅबकडे बघत राहिले. ताट धरून माझे हात भरून आले. मला वाटलं, आता फिरतील. ते खाली बसले, तिथंच, उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. मग ताटासाठी हात पुढे केला.

दिग्दर्शक कुजबुजत होता, "आजोबा, आत. पाट आत आहे."

"हितंच."

सर म्हणाले, "आजोबा, उंबऱ्यावर बसू नये म्हणतात."

अण्णांनी भाकरी मोडली. "घर पडलं तवा चौकट तेवढी उभी ऱ्हायली होती. मी तिच्यात होतो." घास चावून झाल्यावर म्हणाले, "वरण हाय का आणखी?"

अण्णा कसे वाचले, हे अकरा वर्षांत मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी आत जाऊन वरण आणलं. तेवढ्यात कॅसेट संपली.

दिग्दर्शक नाराज होता. धड आत नाही, धड बाहेर नाही, हा कसला शेवट, म्हणाला. पण दुसरी कॅसेट नव्हती, आणि अण्णा जेवून झोपले होते. सिनेमा सरांच्या क्लासच्या हॉलमध्ये पडदा लावून दाखवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या दिवशीची चाचणी रद्द झाली होती. माझा आवाज मोठ्या स्पीकरमधून आला तेव्हा मी उठून बाहेर चपलांपाशी उभी राहिले. गुडघ्याचं सगळ्या लातूरला कळलं असं वाटत होतं. अण्णा आलेच नव्हते. हॉलला स्लॅब आहे.

त्या शेवटच्या शॉटच्या दुसऱ्याच दिवशी मी ताट वाढून बाहेर निघाले, तर अण्णा आधीच उंबऱ्यावर येऊन बसलेले. मग रोज तसंच. हे एसटी डेपोत कामावर जायला डबा घेऊन निघायचे आणि अण्णांचं जेवण होईपर्यंत आतच उभे राहायचे. एकदा म्हणाले, "मामा, एक पाऊल इकडं घ्या, नाहीतर तिकडं तरी घ्या." अण्णा हाव म्हणाले आणि ताक मागितलं.

पाट मी उचलून फळीवर ठेवला. माझं ताट घेऊन आतल्या बाजूला, त्यांच्याजवळ जमिनीवर बसायला लागले. तिरपा पाऊस आला की त्यांचा बाहेरचा खांदा भिजायचा. अण्णा, आत सरका, म्हटलं की थोडे सरकायचे.